सासरे वगळून

कातऱ्याने आपल्या होणाऱ्या सासऱ्यांना मुळापासून काढून टाकलं आणि सगळ्यांना बरं वाटलं, हा या गोष्टीचा शेवट. पण असं काही झालेलंच नाही, असं त्या घरात एकमताने ठरलेलं आहे. आपण त्या घरात पाहुणे म्हणूनच शिरणार, तेव्हा आपणही तेच धरून चालू.

तर, काहीही झालेलं नसताना कातऱ्या वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता. मशीन कसं बसवावं, जाळी कशी साफ करावी, आतून खडखड आवाज आला तर घाबरून न जाता काय करावं, असे छोटे छोटे व्हिडिओ कंपनी काढायची आणि कातऱ्या ते कापायचा. नळाच्या एका जोडणीवर माणूस किती बोलू शकतो, हे त्याने फार जवळून पाहिलं होतं. त्यामुळे समोरचा पाल्हाळ लावायला लागला की त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप कात्रीसारखी हलायची. कातऱ्या हे नाव त्यावरून पडलं. आधीचं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. बहुधा तेही त्यानेच कापलं असावं.

‘तिसऱ्या सूर्याची सावली’ या विज्ञानपटाची तो कॉलेजात असल्यापासून वाट बघत होता. सिनेमा आला आणि पडला. पडला तोही गुपचूप नाही, तर जिन्यावरून भांडं पडावं तसा, प्रत्येक पायरीवर आवाज करत. वास्तविक सामान उत्तम होतं. विझत चाललेला सूर्य, यानात एकटी राहिलेली पोर, बंद पडत आलेला यंत्रमानव. पण दिग्दर्शकाचा प्रेक्षकांवर विश्वास नव्हता. म्हणून त्याने महाविज्ञानी नावाचं एक पात्र घातलं. रुपेरी झगा आणि छातीपर्यंत रुपेरी दाढी. यान फुटलं की महाविज्ञानी हवेत प्रकट व्हायचा आणि म्हणायचा, "यान फुटलं आहे." पोर रडायला लागली की म्हणायचा, "बालिके, तू दुःखी आहेस." असा तो एकूण पाऊण तास बोलायचा, आणि तोपर्यंत बिचारा सूर्य विझायचा थांबायचा.

बाकीच्यांनी शिव्या घातल्या आणि विसरून गेले. कातऱ्या मात्र सिनेमाची प्रत मिळवून कापायला बसला. आधी त्याने महाविज्ञानी काढला. त्यामुळे जागोजागी भोकं पडली. ती बुजवायला त्याने यंत्रमानवाचं बोलणं काढून त्याला नुसतं बघू दिलं, तर तो विचार करतोय असं वाटायला लागलं. यानाचा दरवाजा बंद होतो तिथलं संगीत उपसून त्याने खाली दबलेला पोरीचा श्वास तेवढा वर आणला. सुरुवातीचा स्फोट उचलून शेवटी ठेवला. गाणं काढलं, पण गाण्यात खिडकीबाहेर दिसणारा सूर्य ठेवून घेतला. बाहेरून काही घातलं नाही. जे चांगलं होतं ते सगळं त्याच सिनेमात होतं, बोलण्याखाली चेंगरलं होतं इतकंच.

ही प्रत हातोहात पसरली. लोक तिला ‘सुधारलेली प्रत’ म्हणायला लागले. एका प्रेक्षकाने लिहिलं, की मूळ सिनेमा बघून त्याने अंतराळाकडे बघणं सोडलं होतं, ते आता पुन्हा सुरू केलं आहे. दुसऱ्याचा सिनेमा न विचारता कापणं कायद्यात बसत नाही, एवढं कातऱ्याला कळत होतं. म्हणून त्याने स्वतःचं नाव कुठेही घातलं नाही. मूळ श्रेयनामावली मात्र जशीच्या तशी ठेवली. माणसांनी राबून केलेलं काम होतं, नावं कशी कापणार?

मग त्याची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस कोंबला आणि छताला लावलेला पडदा सुरू केला. पडद्यावर सुधारलेली प्रत चालू झाली.

"हा सिनेमा बघत राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा लावला की पेशंट आ करतात ते मिटायचं विसरतात."

"आ आं आआ," कातऱ्या म्हणाला.

"दुखतंय?"

त्याने मान हलवली आणि कापूस निघाल्यावर म्हणाला, "हा मी कापलाय."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग हातातला चिमटा खाली ठेवला. "दाढ पुढच्या वेळी काढू," त्या म्हणाल्या.

दाढ यथावकाश निघाली, ओळख राहिली, आणि डॉक्टरीणबाईंची ‘अगं’ झाल्यावर गाडी लग्नापर्यंत आली. दवाखाना खाली आणि घर वर. पण तिच्या वडिलांना दातांच्या यंत्राच्या आवाजाची इतकी धास्ती, की ते खाली फिरकतच नसत. त्यामुळे त्यांची आणि कातऱ्याची गाठ अजून पडली नव्हती. एका रविवारी दुपारी कातऱ्या इस्त्रीचा शर्ट घालून त्यांना भेटायला निघाला. जिन्याच्या मध्यावर ती थांबली.

"एक सांगायचं राहिलं. महाविज्ञानी माझे बाबा आहेत."

कातऱ्याचा एक पाय हवेतच राहिला. "कुठला महाविज्ञानी?"

"किती आहेत?"

"अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"तुझं काम इतकं सुंदर होतं. म्हटलं, मध्ये बाबांना आणून कशाला बिघडवा."

"त्यांना माहितीये का?"

"नाही ना. रोज कुणीतरी फोन करून सांगतं, काय सिनेमा आहे हो तुमचा. त्यांना वाटतं, लोकांना आता कुठे कळायला लागला. परवा एक बाई फोनवर रडल्या. बाबा म्हणाले, कलेला वेळ द्यावा लागतो."

"आणि कळलं तर?"

"आयुष्यभर त्यांनी प्रेतं केली. न बोलणारे न्यायाधीश केले. ऑपरेशनमध्ये बाजूला उभा असतो तो दुसरा डॉक्टर केला. ही एकच बोलायची भूमिका मिळाली. कळलं तर आपलं लग्न तर राहूच दे, ते परत कुणाला फोनवर हॅलोसुद्धा म्हणायचे नाहीत. तू मूग गिळून बस."

दिवाणखान्यात दारासमोरच महाविज्ञानीचा पुरुषभर उंचीचा फोटो होता. त्याच्याखाली खुद्द सासरे बसले होते, दाढीशिवाय, फोटोपेक्षा बरेच लहान. शेजारी सासूबाई आणि खास बोलावून घेतलेली आत्या.

"या, जावईबापू. सिनेमे बघता की नाही?"

"बघतो ना."

"आमचा बघितलात?"

"पुष्कळसा," कातऱ्या म्हणाला.

"मग आज पूर्ण बघा. म्हणून तर ताईला बोलावलंय."

कातऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण नशीब बलवत्तर. डिस्क कुणीतरी नेली होती ती परतच आली नव्हती. "मागणी वाढली आहे," सासरे हळहळत आणि त्याहून जास्त खूश होत म्हणाले. कातऱ्याने सुटकेचा श्वास टाकून बिस्कीट उचललं, तेवढ्यात मघाशी गुपचूप उठून गेलेल्या सासूबाई खालून धापा टाकत वर आल्या. त्यांच्या हातात पेन ड्राइव्ह होता.

"हिच्या दवाखान्यात लावतात तो आणला. अडायला नको."

"आई, तो खराब आहे," डॉक्टरीणबाई घाईने म्हणाल्या.

"खराब कसा? काल तुझा शेवटचा पेशंट डोळे पुसत गेला की."

"माझ्यामुळे?" सासऱ्यांनी विचारलं.

"दाढेमुळेही असेल," आत्या म्हणाली.

पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागे गेला. सासरे खुर्चीच्या कडेला सरकले. "आता नीट बघा. सुरुवातीलाच स्फोट होतो आणि धुरातून मी येतो."

स्फोट झाला नाही. पडद्यावर खिडकी आली, खिडकीत विझत चाललेला सूर्य, आणि शांतता.

"होईल हळूहळू," सासूबाई म्हणाल्या.

यानाचा दरवाजा बंद झाला. "आता येतो मी," सासरे म्हणाले. पोरीचा श्वास ऐकू आला. एकदा आत, एकदा बाहेर. कोणी आलं नाही. "बरं, आता ती रडेल. रडली की मी आलोच." पोर रडली. कोणी आलं नाही. ती एकटीच रडली, एकटीनेच तोंड पुसलं आणि उठून यंत्रमानवाचा ढिला पडलेला हात घट्ट करायला लागली. दिवाणखान्यात कोणी हललं नाही. हा सिनेमा लावला की पाचव्या मिनिटाला घोरणारी आत्या रुमाल शोधत होती.

"ताई, तू जागी?"

"गप रे. बघू दे."

कातऱ्या सिनेमा बघत नव्हता, सासऱ्यांना बघत होता. आधी ते प्रत्येक दृश्याला मान पुढे काढून स्वतःची वाट बघत होते. मग मान तशीच राहिली, पण वाट बघणं गेलं. यंत्रमानव शेवटचा बघतो तिथे त्यांनी तोंडावर हात धरला. स्फोट झाला तेव्हा त्यांनी सासूबाईंचं मनगट पकडलं. मग श्रेयनामावली आली आणि तिच्यात सगळ्यात वर, ठसठशीत, सासऱ्यांचं नाव आलं.

"मी कुठे होतो?" सासऱ्यांनी विचारलं.

सासूबाईंचा संसार मुरलेला होता. "अहो, होतात की. सगळीकडे होतात. जाणवत होतात."

"इतकं सहज काम केलंस, की कळलंच नाही," आत्या म्हणाली.

"मी आलोच नाही."

"तेच म्हणतेय मी. कधी नव्हे ते."

डॉक्टरीणबाई कातऱ्याकडे बघून नकारार्थी मान हलवत होत्या. आणखी दोन वाक्यं तो गप्प राहिला असता तर तिघींनी मिळून ते निभावून नेलं असतं. पण सासरे रिकाम्या पडद्याकडे बघत होते, आणि वर फोटोतला महाविज्ञानीसुद्धा काहीतरी समजावून सांगायच्या बेतात दिसत होता.

"मी कापलं," कातऱ्या म्हणाला. "सगळं."

"सगळं?"

"खिडकीपाशी एकदा झग्याचं टोक राहिलंय. ते काही केल्या निघेना."

आत्याने बिस्किटांची ताटली सासऱ्यांच्या हाताच्या टप्प्यातून हळूच लांब सरकवली. सासरे उठले, फोटोपर्यंत गेले आणि परत आले.

"दरवाज्यापाशी माझं वाक्य होतं. ‘दरवाजा बंद झाला आहे.’ त्याच्या जागी काय ठेवलंस?"

"तिचा श्वास."

"तो कुठून आणलास?"

"तिथेच होता. तुमच्या वाक्याखाली."

सासरे खाली बसले. "मी तेव्हाच म्हटलं होतं," ते म्हणाले. "दरवाजा बंद झालेला दिसतोय, मी कशाला सांगू? तर दिग्दर्शक म्हणाला, तुम्ही बोला हो, प्रेक्षक मठ्ठ असतात. मग बोललो. बोलायला पहिल्यांदाच मिळत होतं ना." त्यांनी चष्मा पुसला. "मला वाटायचं, ही पोर वाईट काम करते. ती किती छान रडते रे. मी दर वेळी मध्येच यायचो, मला कसं दिसणार?"

चष्मा परत डोळ्यांवर चढला. मग सासरे म्हणाले, "परत लाव."

दुसऱ्या खेपेला ते उभं राहून बघत होते. "इथे होतो मी. बघा, कसा नाहीये," ते आत्याला सांगायला लागले. "आणि इथे तर अजिबात नाहीये. कातरोबा, हे कसं जमवलंस?" कातऱ्याने सांगितलं. सासऱ्यांनी चाळीस वर्षांत कुणाला दिली नसेल अशी दाद दिली. लग्न कधी ठरलं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. सासरे मध्येच "तारीख तुम्ही बघा" असं म्हणाले आणि पुन्हा टीव्हीकडे वळले, एवढंच आत्याला आठवतं.

इथवर ठीक होतं. पण पुढच्या रविवारी सासऱ्यांनी माळ्यावरून आपले सगळे जुने सिनेमे काढले.

"ह्यातून प्रेत काढ."

"बाबा, ही खुनाची गोष्ट आहे. प्रेत काढलं तर पोलीस कशाभोवती उभे राहणार?" कातऱ्याने विचारलं.

"काढून तर बघ."

कातऱ्याने काढलं. पोलीस रिकाम्या गालिच्याभोवती उभे राहून टोप्या काढू लागले, आणि जो सिनेमा बघून पूर्वी कुणी दचकलं नव्हतं तो बघून सासूबाई दिवा लावून झोपायला लागल्या. मग न्यायाधीश काढला. वकील रिकाम्या खुर्चीपुढे गळा काढून न्याय मागायला लागले. ज्यांनी बघितलं ते म्हणाले, हा सिनेमा इतका खोल आहे हे ठाऊक नव्हतं. दुसरा डॉक्टर काढल्यावर पहिला डॉक्टर एकटा पडला आणि ऑपरेशनमध्ये प्रथमच जीव आला. पुढे लग्न झालं, तर सासऱ्यांनी त्या व्हिडिओतूनही स्वतःला काढायला लावलं. तेव्हा मात्र सासूबाईंनी सुनावलं, "टीव्हीतून काय निघायचं ते निघा, जेवणाच्या टेबलावरून उठायचं नाही."

फोन वाढले. एकाने विचारलं, "काका, तुमचं नाव आहे, पण तुम्ही कुठे दिसला नाहीत हो?"

"दिसलो नाही ना? मग जमलं म्हणायचं," सासरे म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं, की कापलं वगैरे कुणीही काहीही नाही. हा आपला अभिनय आहे. कातऱ्यालाही ते सोयीचं होतं. कायद्याच्या दृष्टीने तोही या प्रकरणात कुठे दिसत नव्हता.

त्यानंतर सासऱ्यांनी स्वतः टाइप करून, आत्याची साक्षीदार म्हणून सही घेऊन, एक अर्ज पाठवला. तो असा:

‘मा. अध्यक्ष, चित्रपट पुरस्कार समिती यांस, विषय: नवीन पुरस्कार सुरू करणेबाबत. महोदय, अर्जदाराने एका विज्ञानपटासह आपल्या कारकिर्दीतील सर्व भूमिका शेवटपर्यंत न दिसता पार पाडल्या असून त्यामुळे सदर चित्रपटांच्या दर्जात वाढ झाल्याचे प्रेक्षकांचे म्हणणे आहे. सबब ‘सर्वोत्कृष्ट अनुपस्थित अभिनेता’ असा स्वतंत्र पुरस्कार चालू वर्षापासून व पूर्वलक्षी प्रभावाने सुरू करण्यात यावा. अर्जदाराची निवडक दृश्ये सोबत जोडणे शक्य झालेले नाही, याबद्दल क्षमस्व. झग्याच्या टोकाबाबत आक्षेप असल्यास तेवढे क्षम्य मानण्यात यावे. पुरस्कार मंजूर झाल्यास तो स्वीकारण्यासाठी पहिल्या रांगेत एक खुर्ची राखून ठेवावी. अर्जदार समारंभास जातीने गैरहजर राहील.’