बटणाचा भाव आणि नानांची कंबर

"बटणाचा भाव केसभर जरी ढळला, तर ही मिशी उतरवीन!" नानांनी जिन्यात सगळ्यांच्या देखत जाहीर केलं, तेव्हा त्यांची मेहुणी नुसती हसली. मंडळी, ती हसली की समजावं, मिशीचं काही खरं नाही!

इमारत चारमजली आणि लिफ्टचं नाव नाही. नानांच्या बायकोनं, म्हणजे सगळ्यांच्या काकूंनी, फार पूर्वी एक पद्धत पाडली होती. कुणी आपली पिशवी वर नेऊन दिली, की त्याला एक पितळी बटण द्यायचं. तेच बटण देऊन त्यानं आपली पिशवी दुसऱ्याकडून वर न्यावी. बटणाचे पैसे कधीच मिळत नसत. तरी काकू होत्या तोवर एक बटण म्हणजे एक पिशवी! काकू देवाघरी गेल्या, बटणांचा डबा माळ्यावर गेला, आणि माणसं जिन्यात एकमेकांना नुसती ओलांडून जाऊ लागली. नानांना ते बघवेना. त्यांनी कॉम्प्युटरवाल्या भाच्याकडून तीच बटणं मोबाईलमध्ये करून घेतली.

पण भाचा पडला उदार! कुणाचा वाढदिवस? पाठव बटणं! कुणाला शिंक आली? पाठव बटणं! घरोघरी बटणांचा पूर आला. दुसऱ्या मजल्यावरचा पहिलवान म्हणाला, "एका बटणात मी रिकामा हातसुद्धा वर नेत नाही. पिशवीला तीन!" संध्याकाळी तिनाची पाच झाली. शिकवणीवाल्या बाई तणतणत आल्या.

"नाना, ही घ्या तुमची बटणं, अन् रोख द्या!"

"मामा, रोख द्यायची सोयच ठेवलेली नाही," भाचा कुजबुजला.

"मग भाव टिकायचा कसा?"

"टिकतो असं तुम्हीच सांगितलंत ना!"

मेहुणीनं शांतपणे कात्री आणून टेबलावर ठेवली. नाना डबा मांडीवर घेऊन बसले. मिशी जाईल, परत येईल. पण काकूंची पद्धत आपल्या हातून बुडाली, तर?

त्यांचा चेहरा बघून मेहुणीला राहवेना. "भावोजी, ताई दिवसभर जिन्यात का असायची हो?"

"गप्पा मारायला!"

"कसल्या गप्पा! बटणं फार झाली की ती स्वतः खाली उभी राहायची. एका बटणात पिशवी वर न्यायची, अन् ते बटण डब्यात टाकून वर झाकण. बटणं कमी पडली की डबा उघडायचा आणि उगाच कुणाकडून तरी बटाटे वर मागवायचे."

नानांना ते बटाटे आठवले. "आज पुन्हा बटाटेच?" म्हणून आपण केलेली कुरकुर आठवली. आणि संध्याकाळी गुडघे चोळत, हसत वाढणारी ती आठवली.

सकाळी त्यांनी भाच्याला नवी बटणं काढायला बंदी केली, देवाचं नाव घेतलं आणि जिन्याच्या पायथ्याशी उभे राहिले. "एक बटण, एक पिशवी! कितीही आणा!"

लोकांनी खरोखरच कितीही आणल्या! धान्य, कुंड्या, शिकवणीवाल्या बाईंची पुस्तकं! नानांचे गुडघे टाळांसारखे वाजू लागले. मिळालेलं प्रत्येक बटण मोबाईलमध्ये कुलूपबंद! पहिलवानाच्या दारात मात्र काळं कुत्रं फिरकेना. दुपारी तो मुकाट खाली आला.

"एकाला एक, नाना. तुम्ही एकात नेताय म्हटल्यावर मला पाच कोण देणार?"

जिन्यात पुन्हा हाका, हसणं, चौकशा सुरू झाल्या. मेहुणीनं कात्री उचलून ठेवली. भाव टिकला! आनंदानं नाना शेवटची पिशवी उचलायला वाकले, आणि तसेच राहिले. घडीच्या खुर्चीसारखे!

पहिलवानानं त्यांना अलगद खांद्यावर घेतलं. नानांचं घर चौथ्या मजल्यावर. "तुमच्या किती पिशव्या धरू, नाना?"

"चार तरी धर," नाना कण्हत, पण रुबाबात म्हणाले.

वरच्या कठड्यावरून मेहुणीचा आवाज आला, "एकच बटण घे रे! रिकामी पिशवी आहे ती!"