शेळीचे चार सेकंद

सोसायटीच्या पटांगणातल्या सिनेमाचा आवाज सगळ्यात स्वच्छ आला तो आवाजाची यंत्रणा बंद पडल्यावर. मात्र इतिवृत्तात ‘कार्यक्रम सुरळीत पार पडला’ एवढंच लिहिलं आहे आणि खाली सेक्रेटरींची सही आहे. तेव्हा असं काही घडलंच नाही, असं धरून पुढे जाऊ.

त्या दिवशी दुपारी चारला हॅलोकाका पटांगणात स्पीकर लावत होते. काका एका स्टुडिओतून ध्वनिमुद्रक म्हणून निवृत्त झालेले. माइक दिसला की दोनदा ‘हॅलो’ म्हणायची सवय, म्हणून हे नाव. सवय इतकी मुरलेली, की फोनवर बोलण्याआधीसुद्धा ते फोनवर बोटाने टकटक करून बघत. स्पीकर दोन होते. डावा त्यांनी खुर्च्यांकडे वळवला. उजव्याचं तोंड मात्र वर केलं आणि एक डोळा मिटून अ विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीवर नेम धरला.

त्या खिडकीत काकू होत्या. पाय प्लास्टरमध्ये, प्लास्टर उशीवर. लिफ्टच्या दारावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी होती आणि गेले दोन महिने तिथे काम करणारी ती एकटीच होती. काकू जिन्यात घसरल्या त्याही त्यामुळेच.

प्रकरण नीट समजायला चाळीस वर्षं मागे जावं लागेल. फार वेळ लागणार नाही. काकांनी तेव्हा एका सिनेमाचं ध्वनिमुद्रण केलं होतं. त्यात एक शेळी घरात शिरते, सासऱ्यांचं महत्त्वाचं पत्र खाते आणि ओरडते. पत्र खाण्याचं काम शेळीने मन लावून केलं. ओरडायच्या वेळी मात्र तिने नुसतंच तोंड उघडलं. स्टुडिओत आणून माइकसमोर पाला धरला, तरी तिने मौन सोडलं नाही. तेवढ्यात काकांची नवी नवरी डबा घेऊन आली. तिने शेळीकडे पाहिलं, माइककडे पाहिलं आणि एकदाच ओरडली. चार सेकंद. शेळीसुद्धा वळून बघायला लागली.

सिनेमा आठवडाभर चालला. नेमक्या त्याच आठवड्यात काकूंना कांजिण्या झाल्या. नंतर तो कुठे लागलाच नाही. यंदा काकांनी कुठूनशी त्याची प्रत मिळवली आणि लॅपटॉपवर लावायला घेतली, तर काकूंनी झाकणच मिटलं.

“अहो, या डबीत काय ऐकायचं? लोक हसतात का, ते ऐकायचंय मला.”

म्हणून काकांनी खटपट करून कमिटीला हाच सिनेमा घ्यायला लावला. शेळीचं मात्र कुणापाशी बोलायचं नाही, असा काकूंचा हुकूम होता.

“काका, हा स्पीकर वर कुणासाठी?” सेक्रेटरींनी विचारलं.

“कारंजं बघितलंय ना? आवाज वर सोडला की खाली पसरून येतो.”

“माणसं खाली बसणार आहेत, काका. वर कावळे असतात.”

सेक्रेटरींनी स्पीकर खाली वळवला आणि ते खुर्च्या मोजायला गेले. काकांनी तो वर केला. हे तीनदा झालं. मग सेक्रेटरींना खुर्च्या कमी भरल्या आणि स्पीकर वरच राहिला. काकांनी फोनवर टकटक केलं.

“अगं, ऐकू येतंय का?”

“तुमचं येतंय, पण ते फोनमधून येतंय.”

“स्पीकरचं विचारतोय!”

“माणसांचं बोलणं येईल हो. शेळीचं काय?”

काकांनी स्पीकरचं तोंड आणखी बोटभर वर केलं. जाडा आवाज कोपऱ्यावरून वळतो, बारीक आवाज सरळच जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. “शेळी घरपोच देतो,” ते म्हणाले.

सात वाजता सिनेमा सुरू झाला. पडद्यावरचे वडील गरजले, “हे लग्न होणार नाही!” स्पीकरमधला आवाज वर गेला, अ विंगच्या भिंतीवर आपटला आणि पटांगणात परत आला, “...होणार नाही!”

“एकदा सांगितलं की कळतं आम्हाला,” पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या.

पुढे नायिका दोनदा रुसली आणि नायकाला तिची दोनदा समजूत काढावी लागली. सेक्रेटरींचा मेव्हणा उठला. आवाजातलं त्याला कळतं, अशी त्याची समजूत होती. त्याच्या स्वतःच्या लग्नात बँड होता.

“भिंत बोलतेय दाजी. भिंतीला गाद्या लावा.”

सिनेमा थांबवला. वीस मिनिटांत अ विंगच्या गॅलऱ्यांमधून गाद्या लोंबू लागल्या. आयुष्यभर घरात झाकून ठेवलेल्या गोष्टी चारचौघांत आल्या. एका गादीवर इस्त्रीच्या आकाराचं भोक होतं. सेक्रेटरींच्या गादीवर गाजर खाणारे ससे होते. सशांचा इतिवृत्तात उल्लेख नाही. काकूंची खिडकी तेवढी उघडी राहिली, कारण प्लास्टरवाल्या बाईकडे गादी मागायला मेव्हण्याचीही जीभ रेटेना.

खरं तर स्पीकर खाली वळवला असता तर सगळ्या गाद्या आपापल्या पलंगावर गेल्या असत्या. काकांना ते कळत होतं. त्यांनी स्पीकरच्या स्टँडवर पाय ठेवला आणि ते दुसरीकडे बघत राहिले.

भिंत गप्प झाली. पण खालच्या गाद्या पार्किंगच्या तोंडावर आल्या होत्या आणि पटांगणात वारा यायचा तो तिथूनच. दहा मिनिटांत लोक आमंत्रणपत्रिकेने वारा घ्यायला लागले. आजींनी ‘जीव घाबरतोय’ म्हटल्यावर दोन स्टँडचे पंखे आणले. पंख्यांच्या घरघरीत संवाद ऐकू येईनात, म्हणून आवाज वाढवला. पंखे आणि स्पीकर पार्किंगमधल्या एकाच बोर्डावर होते. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप मात्र सेक्रेटरींच्या घरातल्या इन्व्हर्टरवर. “चित्र थांबलं तर लोक मला बोलतील,” ते म्हणाले होते, “आवाज थांबला तर काकांना.”

काकांनी घड्याळ पाहिलं आणि बोर्डाला हात लावला. चटका बसला.

“पंखे काढा! दोन मिनिटं फक्त!”

“लोक शिजायला लागलेत काका. आत्ताच का?”

काकांनी तोंड उघडलं. पडद्यावर अंगणाचं दार दिसू लागलं होतं. वर खिडकीत काकू कठड्याला धरून पुढे वाकल्या होत्या. शेळीचं सांगायचं नव्हतं.

“तांत्रिक कारण आहे,” ते कसेबसे म्हणाले.

“कुठलं?”

फट्! फ्यूजने उत्तर दिलं.

पंखे थांबले. पार्किंगचे दिवे गेले. दोन्ही स्पीकर मुके झाले. पडद्यावरचं चित्र मात्र इन्व्हर्टरच्या कृपेने चालूच होतं. मेव्हणा टॉर्च शोधायला धावला. काका हलले नाहीत. स्पीकरचं तोंड अजून तिसऱ्या मजल्याकडेच होतं, आणि काकांची मात्र तिकडे बघायची हिंमत होत नव्हती.

पडद्यावर शेळी घरात शिरली. तिने पत्र हुंगलं, खाल्लं. इतकी शांतता, की अडीचशे माणसं तिचं चघळणं बघत होती. मग शेळीने मान वर केली आणि तोंड उघडलं.

“ब्यँऽऽऽहँहँहँहँ!”

आवाज आभाळातून आला. शेळीचे ओठ मिटले, तसा तोही मिटला. मग सगळं पटांगण असं हसलं, की आजींची काठी खाली पडली.

“बघा, आत्ता कसा स्वच्छ आला!” आजी म्हणाल्या. “इतका वेळ काय करत होते हे लोक?”

हसणं वर गेलं. ते जाडं होतं, बारीक होतं, सगळ्या मापांचं होतं. गाद्यांना चुकवून सरळ तिसऱ्या मजल्यावर गेलं. काकांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी टकटक केलं.

“अहो, हसले ना हो!”

“हसले.”

“आणि मी कशी?”

काकांनी आता वर खिडकीकडे पाहिलं. “अर्धा सेकंद उशीर झाला.”

“तेव्हाही हेच म्हणाला होतात.”

“आणि तेव्हाही तोच ठेवला होता,” काका म्हणाले.

फ्यूज बदलेपर्यंत पडद्यावरचं लग्न ठरलंसुद्धा. कसं, ते कुणालाच कळलं नाही. सेक्रेटरींनी सशांना आधी आत घेतलं. दुसऱ्या दिवशी वीज कार्यालयाच्या आवक खिडकीवर एक अर्ज दाखल झाला. कारकुनाने तो तीनदा वाचून त्यावर शिक्का मारला आणि आतल्या साहेबांकडे पाठवला. त्याचा शेवटचा परिच्छेद असा होता:

“तरी आमच्या सोसायटीत सदर चित्रपट ज्या ज्या वर्षी दाखविण्यात येईल, त्या त्या वर्षी, प्रारंभापासून एक तास बारा मिनिटांनी, फक्त ध्वनियंत्रणेचा वीजपुरवठा चार (अर्जदाराच्या कुटुंबाची सवय लक्षात घेता साडेचार) सेकंदांसाठी खंडित करण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती. चित्राचा पुरवठा सुरळीत ठेवावा.”