कपाचा कान

सावेडीतल्या महेंद्रने नोकरी सोडून कपावर फोटो छापायचं मशीन आणलं, तेव्हा बायकोने, दीपाने, त्याला सहा महिन्यांची मुदत दिली होती. पाच महिने कोरडे गेले. सहाव्यात देवळाली प्रवऱ्याहून सूर्यभान आले. आईची पंचाहत्तरी होती आणि पाहुण्यांना वाटायला घरच्या फोटोचे चाळीस कप हवे होते.

फोटोत मधोमध आई रंगुबाई, अवतीभोवती सुना-नातवंडं, अगदी डाव्या टोकाला सूर्यभान आणि अगदी उजव्या टोकाला धाकटे गोरक्षनाथ. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचा अकरा वर्षं अबोला होता. महेंद्रने फोटो कपाभोवती गुंडाळला, मशीनच्या गरम पट्ट्यात आवळला आणि नमुना सूर्यभानांच्या हाती दिला.

सूर्यभानांनी कप फिरवून पाहिला. "ह्यो माझ्याजवळ कसा आला?"

कप गोल, त्याला महेंद्र तरी काय करणार? फोटोची दोन्ही टोकं फिरून कपाच्या कानापाशी भेटली होती. कानाच्या एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा.

"कान धरला की आमी दोघं एकाच मुठीत. त्यो कान आमच्यापासनं लांब घ्या."

गिऱ्हाइकाचा शब्द महेंद्रने तंतोतंत पाळला. फोटो मधोमध कापून डावी बाजू उजवीकडे नेली, उजवी डावीकडे. कान भावांपासून जाईल तितका लांब गेला. चाळीसही कप छापून टेम्पोने रवाना केले आणि घरी पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी दारात मोटारसायकल थांबली. पुढे सूर्यभान, मागे गोरक्षनाथ, मधे रंगुबाई. गोरक्षनाथांची गाडी बंद होती आणि राग थांबायला तयार नव्हता.

"आई कुठंय?" सूर्यभानांनी कप पुढ्यात ठेवला.

महेंद्रने पाहिलं. कानाच्या जागी छपाई होत नाही, आणि आई नेमकी तिथेच गेली होती. समोरच्या बाजूला दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून उभे होते.

"पंचाहत्तरी आईची, अन् आईच न्हाई," गोरक्षनाथ म्हणाले. "दादा, सांग की ह्याला."

"सांगतोय की. तू फक्त उद्या कप मोजून परत धाड."

अकरा वर्षांनी फुटलेला शब्द आपल्याच डोक्यावर पडतोय, हे महेंद्रला जरा उशिराच कळलं. दीपा दाराआडून ऐकत होती. मुदतीचे बारा दिवस उरले होते.

रंगुबाईंनी कप उचलला, पदराने पुसला आणि बराच वेळ पाहिला.

"हेच ऱ्हाऊ द्या."

"आये, तू न्हाईस त्यात."

"म्हनूनच. मी नसल्यावर असंच दिसलं पायजे."

महेंद्रला भरून आलं, आणि कप परत घ्यावे लागणार नाहीत म्हणून हायसंही वाटलं.

निघताना सूर्यभानांनी गाडी सुरू केली. गोरक्षनाथांनी मागे सरकून मधे आईला जागा केली. रंगुबाई बसल्या नाहीत.

"मी यष्टीनं येते," त्या म्हणाल्या. "तुमी दोघं व्हा म्होरं."