वायर कितीक लंबी?

बिस्किटाच्या डब्यात कचरा जपून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. राजुऱ्यात माझ्या शिलाईच्या दुकानासमोर मारोतभाऊंचं मंगल कार्यालय आहे. तिथल्या लाल गालिच्यातून निघालेला अस्सल माल त्या डब्यात असायचा: कोळशाची भुकटी, हळदीच्या अक्षता, बुंदीचा चुरा, तंबाखूच्या खर्र्याच्या पन्न्या आणि बायकांच्या केसांची गुंतवळं. भाऊ त्याला 'नमुना' म्हणत आणि आत काजू असल्यासारखं झाकण घट्ट लावत.

हा नमुना व्हॅक्यूम क्लीनर विकणाऱ्यांसाठी होता. आमच्या रस्त्यानं दिवसभर कोळशाचे ट्रक जातात आणि भाऊंच्या हॉलमध्ये पाहुणे चपला घालूनच गालिच्यावर फिरतात. गेल्या हंगामात एक वधूपिता तो काळा पडलेला गालिचा पाहून दारातूनच परतला आणि सरळ बायपासवरच्या नव्या एसी हॉलमध्ये गेला. त्याच्यामागे आणखी काही गेले. तुळशीच्या लग्नापर्यंत गालिचा लाल झाला नाही तर हॉलला कुलूप लागणार, हे भाऊंनाही ठाऊक होतं आणि मलाही, कारण लग्नघरच्या ब्लाउजांवरच माझं दुकान चालतं.

विक्रेते चंद्रपूरहून यायचे. एक तर नागपूरहून टाय लावून आला. तो गालिच्यावर वरवर पावडर पसरून ती ओढून दाखवणार, तोच भाऊंनी डबा उघडून नमुना ओतला. मग मला, माझ्या दुकानातल्या दोघी बायांना आणि रस्त्यानं जाणाऱ्या दूधवाल्याला बोलावून त्यावरून वरात काढली. "घान टाकल्यानं बसत नाई साहेब, पाहुने चालल्यानं बसते," हे त्यांचं शास्त्र. आम्ही चाललो. दूधवाला तर चक्क नाचला. मशीननं वरची बुंदी खाल्ली, कोळसा तसाच राहिला. भाऊंनी निकाल दिला, "हे सोफ्यावरच्या बिस्किटाची हाय, माह्या हॉलची नाई."

पुढं पुढं त्यांना या विद्येचं वेडच लागलं. सोंडेची, मागून ओढत न्यायची मशीन त्यांनी बादच केली, कारण सोंड खांबांत अडकते. उभीच हवी, म्हणजे न वाकता ढकलता येते. खाली फिरता ब्रश हवा, नाहीतर तळाची धूळ निघत नाही. आतला पट्टा तुटला तर तो चंद्रपुरात मिळाला पाहिजे. पिशवी कापडी हवी, आणि तिचं कापड पारखायला ते विक्रेत्याला धरून माझ्या दुकानात आणत. एका मशीनचं हँडल त्यांनी गुडघ्यावर ठेवून चक्क वाकवलं. विक्रेत्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

पण या सगळ्यावर कडी करणारा एक प्रश्न होता. समोरचा मोटरीची ताकद सांगत असला की भाऊ मधेच म्हणत, "थे जाऊ द्या. वायर कितीक लंबी हाय?" काहीही उत्तर आलं तरी त्यांना ती कमीच वाटे. हॉलच्या दर खांबाला प्लग आहे. मी एकदा चिडून विचारलं की भाऊ, वायर भामरागडपर्यंत न्यायची आहे का? ते नुसते हसले.

भाऊंच्या सौभाग्यवती वच्छलाबाई. मागच्या स्वयंपाकघरातून त्यांनी "अजी" म्हणून हाक मारली की ती बँडला मागं टाकून माझ्या दुकानात पोचायची. अजी, गॅस संपला. अजी, मांडववाला आला. अजी, कुठी गेले? बायकोचा आवाज बुडावा म्हणूनच मारोतभाऊ डीजे लावू देतात, अशी थट्टा गावात चालायची, आणि ती स्वतः भाऊच पसरवायचे.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात बाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि आवाज इतका बारीक झाला की तोंडाशी कान न्यावा लागे. पुण्याचा मुलगा म्हणतो, हॉल विका आणि इकडे या. बाईंना ही जागा सोडायची नाही, म्हणून भाऊंनाही नाही. हॉलमागच्या खोलीत बाईंची खाट टाकली. भाऊ झाडू मारता मारता सारखे थांबायचे आणि कान देऊन उभे राहायचे. झाडणं कधी पुरं व्हायचंच नाही. गालिच्याच्या दशेला ट्रकांपेक्षा हेच जास्त कारण होतं.

दिवाळीच्या तोंडावर एकदाची एक मशीन पास झाली. लोखंडी, उभी, अवजड आणि दिसायला अगदी बेंगरूळ. नमुन्यावरून फिरली आणि खालचा लाल रंग वर आला. आवाज मात्र धान मळायच्या मशीनचा. आता बाईंची हाक यांना कशी ऐकू येणार, या विचारानं मला वाईट वाटलं. भाऊंनी तिला भलीमोठी जादा वायर जोडून घेतली आणि मला आणखी एक पिशवी शिवायला सांगितली.

पिशवी घेऊन गेले तेव्हा भाऊ घामाघूम होऊन मशीन ढकलत होते. अर्धा गालिचा लाल झाला होता. वायर जवळच्या खांबाला लावायची सोडून सगळा हॉल ओलांडून मागच्या दारातून आत गेली होती. तेवढ्यात मशीन बंद पडली.

"लाईट गेली वाटतं," मी म्हटलं.

"लाईट नाई गेली," भाऊ म्हणाले. वर पंखा फिरतच होता. "तिनं बोलावलं."

ते आत गेले, मी मागोमाग. खाटेच्या डाव्या अंगाला बटणाचा बोर्ड बांधला होता, मशीनची वायर त्यातच खोचलेली होती आणि वच्छलाबाईंचा चांगला हात त्यावर होता. भाऊ वाकले. "काय म्हनतं वं?" बाई काहीतरी पुटपुटल्या. भाऊ हसत सरळ झाले. "म्हनते, ताईले चाय तं इचारा."

माझा चहा संपेपर्यंत मशीन आणखी दोनदा बंद पडली. एकदा पाणी हवं होतं. एकदा काहीच नको होतं. मी भाऊंना म्हटलं, अशानं तुळशीच्या लग्नापर्यंत गालिचा कसा व्हायचा? बाईंना म्हणावं, जरा कमी बोलवा.

भाऊ हँडलला टेकून उभे राहिले. "घडीघडी बंद पडली तं माह्यं काम बरोबर होते, ताई. लय वेळ चालूच राह्यली तं भेव वाटते. मंग मीच सोडून जातो पाहाले."

भाऊ परत मशीन ढकलू लागले. ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. भाऊंची नजर मागच्या दाराकडे वळायला लागली. रिकामा कप हातात धरून मीही तिकडेच पाहत होते. मग मशीन बंद पडली, आणि आम्हा दोघांचाही जीव भांड्यात पडला.