इंद्रभानभाऊंचा प्रार्थनेचा अर्धा तास

“आपली तं रोजची हाय! सकाळी पाचले, पुरा अर्धा तास! एका दिवसाचा खाडा नाही!”

रविवारच्या उपासनेत इंद्रभान वानखडे हात वर करून एवढं बोलून बसला, आणि मग त्याला कळलं की आपण बोललो!

शेलूबाजारची ख्रिस्ती मंडळी म्हणजे मोजून बारा घरं, एक ढोलकी आणि खडखड करणारे दोन पंखे. पास्टर प्रेमसिंग राठोड मानोऱ्याकडून नवीनच आले होते. त्यांनी उपदेश थांबवून सरळ विचारलं होतं, “तुमच्यापैकी रोज नेमानं प्रार्थना कोण करते?” बारा घरांनी बारा दिशांना पाहिलं. कोणाला एकाएकी पंख्यात रस वाटू लागला, कोणाला चपलेत. ही शांतता इंद्रभानला सोसवेना. त्याच्या आजोबांनी गावात सगळ्यांच्या आधी बाप्तिस्मा घेतलेला, त्यामुळे मंडळीची पाटीलकी आपल्याकडेच आहे अशी त्याची धारणा. हात आपोआप वर गेला!

बायकांच्या बाजूला त्याच्या बायकोला, वैजयंतीला, एवढा ठसका लागला की दोघीजणी पाण्याला धावल्या. पहाटे पाचला नवऱ्याचे डोळे मिटलेले तिनं एकोणीस वर्षं पाहिले होते, पण ते रात्री मिटलेलेच असायचे.

पास्टर मात्र हरखून गेले. “वा भाऊ! महिन्याभरानं आपलं वार्षिक संमेलन हाय. तिथं तुमी साक्ष द्या. नेम कसा लावला, ते सगळ्यांले सांगा!”

घरी आल्यावर वैजयंतीनं विचारलं, “अवो, जेवणाआधीची प्रार्थना तुमी घास हातात धरून उरकता. हा अर्धा तास कोठून आणला?”

“महिना हाय ना हातात! सवय लावतो. एकवीस दिवसांत माणसाले कशाचीबी सवय लागते.”

“मले तुमची एकोणीस वर्सांत नाही लागली,” वैजयंती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

सोमवारी इंद्रभाननं पहाटेचा गजर लावला. अंथरुणातच उठून बसला, “हे स्वर्गातल्या बापा” म्हणाला, आणि पुढचा शब्द सुचला तेव्हा आठ वाजले होते. मंगळवारी स्वयंपाकघरात गुडघे टेकले, तर वैजयंती झाडू घेऊन आली. “पाय उचला!” आता गुडघ्यावर बसलेल्या माणसानं कोणता पाय उचलायचा? बुधवारी गोठ्यात बसला, तर म्हशीच्या वगारीनं इतक्या मायेनं कान चाटला की देवापेक्षा वगारीशीच जास्त बोलणं झालं.

शेवटी त्यानं पास्टरांना फोन लावला. “पास्टरसायब, इथं एका नवीन माणसाले अडचण येऊन राह्यली. घरात निवांत जागाच नाही त्याले.”

“सोपं हाय भाऊ,” पास्टर म्हणाले. “येशूनं सांगूनच ठेवलं. खोलीत जा, दार लावून घ्या, अन् बापाशी एकांतात बोला. लोकांले दाखवाले करू नका.”

खोली! इंद्रभानच्या डोक्यात दिवा पेटला. वावराच्या टोकाला, विहिरीवरच्या मोटारीसाठी टिनाची खोली होती. पहाटे पाचला शेतीची लाइन यायची, मोटार सुरू करायची आणि दार लावून घ्यायचं. कोण येणार तिथं?

आता ह्या खोलीची मागची टिनं रस्त्याला लागून होती, आणि नेमकं तिथंच आसपासचे भाजीवाले आपापले कॅरेट मांडून धीरजच्या पिकअपची वाट पाहत. गाडी तिथून वाशिमच्या हर्राशीला, म्हणजे भाजीच्या लिलावाला जायची. पिकअप सहाच्या पुढे येते, लोकही तेव्हाच जमतात, ही इंद्रभानची पक्की समजूत! कारण त्याचे कॅरेट वैजयंती नेऊन ठेवायची आणि तो स्वतः सातला उठायचा. खरं तर पाचला तिथं जत्रा असे.

गुरुवारी तो खोलीत शिरला, मोटार सुरू केली, गुडघे टेकले. मोटार अशी घुंऊंऊं करू लागली की त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू येईना. आपल्याला ऐकू येत नाही, तर देवाला काय जाणार? त्यानं आवाज चढवला. आवाज तर काय, वीस वर्षं हर्राशीत कमावलेला!

स्वतःची तब्येत, मेथीवरची अळी, पोरीची, रुचिकाची बारावी. सगळं मागून झाल्यावर मोबाइल पाहिला. दोन मिनिटं झाली होती!

अठ्ठावीस मिनिटं कशी भरायची? इंद्रभान घामाघूम झाला. आणि तेवढ्यात त्याला शेजारी आठवले.

“हे प्रभू! भगवंतरावले सद्बुद्धी दे! कॅरेटात वरून ताजी गोबी ठेवते अन् खाली परवाची दाबते! त्याले क्षमा कर प्रभू!”

टिनापलीकडे भगवंतराव त्याच कॅरेटावर बसून तंबाखू मळत होते. त्यांचा अंगठा जागीच थांबला. शेजारच्या सीताबाई उठल्या, त्यांना बाजूला सारून वरची गोबी उचलून खाली डोकावल्या.

“अगं माय! खरंच की व!”

“खोटं हाय ते!” भगवंतराव ओरडले.

“माणूस देवापाशी कायले खोटं बोलन?” सीताबाई म्हणाल्या. भगवंतरावांनी घाईघाईनं गोबी परत वर रचली.

सीताबाईंचा हा आनंद चोवीस तास टिकला. दुसऱ्या दिवशी टिनातून आवाज आला, “प्रभू! सीताबाईच्या सांबाराकडे पाह्य! तोडल्यावर बादलीत बुचकळून आणते, जुडी जड दिसाले!” आता भगवंतरावांनी उठून सीताबाईंची कोथिंबिरीची जुडी सगळ्यांसमोर पिळून दाखवली. तिसऱ्या दिवशी धीरजची पाळी. “फोन कानाले लावून गाडी हाकते प्रभू! खड्डा आला का आमचे टमाटे फुटते!”

इंद्रभानला आता रोजचा अर्धा तास पुरेना! झोपताना तो उद्याची नावं मनात लावून ठेवायचा. प्रार्थनेत एवढी गोडी असते हे त्याला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि टिनामागं गर्दी वाढू लागली. ज्यांच्याकडे विकायला मिरचीसुद्धा नव्हती तेही यायला लागले. सीताबाई बसायला पोतं आणू लागल्या. धीरज, जो उभ्या जन्मात कधी वेळेवर आला नव्हता, तो अर्धा तास आधी थर्मासभर चहा घेऊन हजर! उशिरा आलेला माणूस हळूच विचारी, “कोणापर्यंत आले?” आणि प्रार्थना संपली की सगळेजण दबक्या आवाजात “आमेन” म्हणायलाही शिकले.

एके दिवशी मोटार बंद करून इंद्रभान खोलीला वळसा घालून रस्त्यावर आला. पाहतो तर पंधरा-वीस माणसं मांडी घालून चिडीचूप! सगळे त्याच्याकडे बघताहेत. भगवंतराव तर हात जोडून पुढं आले. “भाऊ, प्रार्थनेत आमच्यावर जरा दया ठेवा.”

मोटारीच्या घुंऊंऊंत बाहेर शब्द काय ऐकू जाणार, ही इंद्रभानची खात्री. हिंदू शेजारी, आणि एवढा भक्तिभाव! तिथूनच त्यानं पास्टरांना फोन लावला. “पास्टरसायब, जागृती आली हो! माह्या प्रार्थनेसाठी सारं गाव पहाटे जमून राह्यलं! शुक्रवारी येऊन पाहा!”

पास्टर प्रेमसिंगांना शुक्रवारपर्यंत धीर धरवला नाही. गुरुवारी पहाटेच कानटोपी घालून त्यांनी मोटरसायकल काढली, आणि भक्ताचा एकांत मोडू नये म्हणून गुपचूप टिनामागं, वैजयंतीच्या शेजारच्या कॅरेटावर जाऊन बसले. वैजयंतीनं तोंडाला पदर लावला.

आणि त्या दिवशी इंद्रभानच्या यादीत गावातलं कोणी उरलं नव्हतं!

“हे प्रभू! आता आमच्या पास्टरले पाह्य! उपदेश सुरू केला का थांबाचं नाव नाही! मांगच्या रविवारी बायका घरी वरण शिजत ठेवून आल्या, तं परत जाईलोक गंजातल्या वरणाचा कोळसा!”

बाहेर पास्टरांनी कानटोपी वर केली.

“अन् प्रभू, तुले तं माहीत हाय, मी काही रोज प्रार्थना करत नव्हतो. उगाच हात वर केला. पण पास्टरनं लगेच खरं मानलं! लय भोळा हाय, प्रभू...”

नेमकी तेव्हाच लाइन गेली! मोटार एक हुंदका देऊन गप्प झाली, आणि त्या शांततेत इंद्रभानचा आवाज थेट मंगरूळपीरच्या फाट्यापर्यंत गेला.

“...त्याले तं कोणीबी बह्याड बनवते!”

“आमेन!” टिनामागून वीस तोंडं म्हणाली.

इंद्रभानला आधी वाटलं, स्वर्गातूनच उत्तर आलं. मग स्वर्गात कोणीतरी खोकललं. तो दार उघडून मागं धावला. रस्त्यावर सगळे ओळीनं बसले होते. धीरजच्या हातात कप होता. मध्यभागी पास्टर.

“भाऊ,” पास्टर शांतपणे म्हणाले, “अर्ध्या तासातून स्वतःसाठी दोन मिनिटं, अन् बाकी सारा वेळ आमच्यासाठी. लय मोठं मन हाय तुमचं.”

“पास्टरसायब... ते संमेलनात... साक्ष...”

“साक्ष? आता कायची साक्ष? इथं वीस साक्षीदार बसून हायेत!” पास्टरांनी मोटरसायकलला किक मारली.

कॅरेट भरताना धीरजनं इंद्रभानचे तेवढे खाली ठेवले. “माह्या गाडीत तुमचे टमाटे फुटते ना भाऊ? तुमीच न्या.” इंद्रभाननं मोटरसायकलवर दोन-दोन कॅरेट बांधून खेपा केल्या. हर्रास केव्हाच आटोपली होती. सुकलेला सांबार परत आणून त्यानं वगारीपुढं टाकला. तिनं मात्र काही मनात ठेवलं नव्हतं.

“तू तं तिथंच उभी राहत होती!” तो वैजयंतीवर उखडला. “मले सांगितलं काहून नाही?”

“पयल्याच दिवशी सांगणार होती. तेवढ्यात तुमी माह्या नावानं सुरू झाले. मी कशी हट्टी हाय, माह्या हाताले कशी चव नाही. मंग माह्या आईपर्यंत पोचले. म्हटलं, ऐकू तं द्या, माणसाच्या पोटात किती साठलं हाय!”

इंद्रभानला तोंड वर करवेना. त्यानं आधी तिची माफी मागितली. मग पास्टरांच्या घरी जाऊन त्यांची मागितली. पास्टरांनी ती अर्ध्या तासाचा उपदेश करून स्वीकारली, आणि इंद्रभाननं तो मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकला. मग घरोघर फिरला. सीताबाईंनी दार उघडलं नाही. भगवंतरावांनी उघडलं.

“माफी राहू द्या भाऊ,” ते तोंड पाडून म्हणाले. “तुमच्यापायी खालची-वरची गोबी एकच ठेवतो आता. गिऱ्हाईक विचारून राह्यले, तब्येत बरी नाही का म्हणून!”

तीन दिवस गाव त्याच्याशी बोललं नाही. चौथ्या दिवशी पावणेपाचला, गजर नसताना, इंद्रभानचे डोळे टक्क उघडले. मेली सवय लागली होती! तो खोलीत गेला, मोटार सुरू केली, गुडघे टेकले. ओठांवर नावं आली, ती त्यानं एकेक करून गिळली. मग एवढंच म्हणाला, “प्रभू, मी खोटं बोललो.” पुढं काही सुचेना, आणि सुचावंसंही वाटेना. तो नुसता बसून राहिला. मोबाइल पाहायचा राहूनच गेला.

कोणीतरी दाराचं टिन बडवलं. वैजयंती होती.

“झालं असन तं सरका.”

“तुले कायले पाहिजे खोली?”

“पंधरा दिवस देवानं एकाच माणसाचं ऐकलं. आता दुसरी बाजूबी ऐकू द्या त्याले.”

“मोटार बंद करू?”

“राहू द्या चालू. मोठ्यानं बोलाले बरं पडते.” आणि तिनं आतून कडी लावली.

इंद्रभान वळसा घालून रस्त्यावर आला. सगळे जागच्या जागी होते.  सीताबाईंनी नुसतंच पोत्यावर थोडं सरकून जागा केली. धीरजनं कप पुढं केला. आतून आवाज आला, “हे प्रभू! ह्या माणसाले...”

पाच वाजून पस्तीस झाले. पावणेसहा झाले. पिकअप भरलेली तशीच उभी. इंद्रभानचे दोन्ही कान टमाट्यासारखे लाल झाले. त्यानं चहाचा रिकामा कप खाली ठेवला आणि चाचरत म्हणाला, “चला ना आता... हर्राशीले उशीर होईन.”

“होऊ द्या!” वीसजण एका सुरात खेकसले, आणि पुन्हा टिनाला कान लावून बसले.