बाभळीच्या वळणावरची सहा मिनिटं

गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमचे शेजारी नामदेवमामा यांना कामचुकार ठरवण्यात आलं. मामा भोकरजवळ रेल्वेत चावीवाले आहेत. रोज एकट्यानं रूळ तुडवायचा आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर हातोड्यानं ठोकून घट्ट करायच्या, हे त्यांचं काम. रेल्वेनं कमरेला बांधायला दिलेल्या जीपीएस यंत्रानं चुगली केली, की हा माणूस रोज एकाच वळणावर सहा मिनिटं थांबतो. शिक्षा काय, तर एक तारखेपासून रूळ बंद, स्टोअरमध्ये बसा.

ज्याला ठोकल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला बसवणार! मामा कुणाच्याही घरी गेले की आधी बाज, मग दाराची कडी वाजवून बघतात. "सैल हाय," म्हणतात, मगच चहा घेतात. भाचीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाची खुर्ची ठोकून बघितली. नवरदेव तिच्यावर बसलेला होता. मी गावच्या मागण्यांची पत्रकं लिहितो, त्यांनाही सूट नाही. मला म्हणतात, "पुढारी, मधलं समदं सैल हाय. मागणी कुठंय?"

मंगळवारच्या त्या चौकशीला मी सोबत गेलो होतो. साहेबांनी विचारलं, "रोज तिथं का थांबता?"

मामा वाकले आणि साहेबांच्या खुर्चीचा पाय ठोकून बघितला. "हा सैल हाय, बघून घ्या, साहेब. आन् थांबतो. उद्या बी थांबणार."

कारण मात्र सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रुळाबाहेरच्या पायवाटेनं त्यांच्या मागं गेलो. वळणावर मामांनी पिशवीतून स्वतःचा कोयता काढला आणि रुळावर झुकलेल्या बाभळीच्या फांद्या छाटायला लागले. तेव्हा मला आठवलं. रेल्वेतला त्यांचा जुना जोडीदार शंकर इथंच गाडीखाली गेला होता. बाभळीआडून येणारं इंजिन त्याला दिसलंच नव्हतं.

छाटून झाल्यावर मामा वळणाकडं बघत हळूच म्हणाले, "शंकऱ्या, आता दिसून राहिलं का रे?"

मी जवळ गेलो. "मामा, हे साहेबाला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्यानं दोन मिनिटं मौन पाळलं असतं. बाभळी तशाच."

म्हणून मी सांगतोय. मामांना त्यांचा रूळ परत द्या आणि त्या बाभळी मुळासकट काढा, एवढीच मागणी आहे. तुम्हीही याच रुळावरून नांदेडला जाता-येता, म्हणून खाली तुमचं नाव लिहा. एक तारखेला त्या वळणावर दुसरा माणूस जाईल. त्याला इंजिन दिसलं पाहिजे. सही करा.