चारशे सतरा नंबरची चिठ्ठी

“प्रशिक, चारशे सतराची मूळ चिठ्ठी कुठे आहे?”

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता नंदिनी मॅडमनी हे विचारलं, तेव्हा प्रशिक हातावरची काजळी धूत होता. कोराडी रोडवरच्या त्या खासगी प्रयोगशाळेत ट्रकमधून आलेल्या कोळशाचे नमुने तपासले जात. प्रशिक तिथे रसायनतज्ज्ञ होता. म्हणजे तो दिवसभर कोळसा जाळायचा आणि मागे राहिलेल्या राखेचं वजन करायचा. एमेस्सीला दुसरा आलेल्या मुलाला हे काम जमत होतं; फक्त अकरा महिन्यांत आपलीही थोडी राख झाली आहे, असं त्याला वाटू लागलं होतं.

“रजिस्टरला लावली आहे, मॅडम.”

मॅडमनी रजिस्टर त्याच्यासमोर धरलं. ‘मूळ चिठ्ठी जोडली आहे’ असं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. टाचणी होती. टाचणीला काही नव्हतं.

“कोळसा पुरवणाऱ्यानं आक्षेप घेतलाय. राख इतकी नव्हतीच म्हणतो. सोमवारी अकराला त्याचा माणूस येतोय. रजिस्टर काय, कधीही लिहिता येतं. त्याला काट्यासमोर लिहिलेला कागद पाहिजे.”

“उरलेला नमुना पुन्हा तपासतो ना.”

“उरलेला नमुना आपण महिन्यानं फेकतो. परवा फेकला. सही तुझीच आहे.” मॅडम कधी चिडत नसत, त्यामुळे त्यांची भीती जास्त वाटे. “हे बघ, तुला कायम करायचा कागद सोमवारीच माझ्याकडे येणार आहे. चिठ्ठी नसेल तर त्यावर मी सही कशी करू, तूच सांग.”

प्रशिकने बसथांब्यावर उभं राहून नीट आठवलं. तो दिवस पाच आठवड्यांपूर्वीचा. कॉम्प्युटर बंद होता. आकडे चिठ्ठीवर लिहिले, चिठ्ठी शर्टाच्या खिशात टाकली. रजिस्टर भरताना जोडल्याचं लिहून टाकलं, जोडायचं राहिलं. मग बस. बसमध्ये पुस्तक. पुस्तकात खूण म्हणून हाताला लागलेला पहिला कागद.

आणि दुसऱ्याच दिवशी ते पुस्तक गटात फिरायला गेलं होतं.

‘पानोपानी नागपूर’ हा मोबाइलवरचा वाचकांचा गट. सभासद चौसष्ट. दर रविवारी कोणीतरी एका पुस्तकाची शिफारस करायची आणि आपली प्रत फिरायला सोडायची. ज्याच्याकडे पुस्तक जाईल त्याने ते दहा दिवस ठेवायचं, गटावर अभिप्राय लिहायचा, मगच पुढच्याला द्यायचं. अभिप्राय दिल्याशिवाय पुस्तक पुढे सरकत नाही, हा नियम वाचन वाढावं म्हणून केलेला होता. प्रत्यक्षात त्यामुळे अभिप्राय वाढले होते.

प्रशिकने ‘मोजणीदाराची बहीण’ या तीनशे वीस पानी कादंबरीची शिफारस केली होती. ‘शेवटच्या वीस पानांनी झोप उडवली,’ असं त्याने लिहिलं होतं. कोळशाची धूळ लागू नये म्हणून त्याच्या आईने पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर दुहेरी गाठ मारली होती. तिची गाठ सुटत नसे. सुटावी म्हणून ती मारतच नसे.

पुस्तक आतापर्यंत तिघांकडे गेलं होतं. पहिली गटाची चालक, धरमपेठेतली दामिनी. प्रशिकने तिला फोन लावला.

“ताई, मोजणीदाराच्या बहिणीत एक चिठ्ठी होती. तुम्हाला दिसली काय?”

“चिठ्ठी? हो, होती ना. ती पिवळी?”

“पांढरी.”

“तेच म्हणते. पांढरी, जराशी पिवळट. अरे यार, काय पुस्तक दिलंस! मी तर रडले शेवटी.”

“चिठ्ठी कोणत्या पानावर होती, ताई?”

“आता पान कोण बघतं वाचताना? इतकी गुंतले होते! मी ती होती तिथेच ठेवली. शालिकराम काकांना विचार. आणि ऐक, उद्या कोणाची तरी शिफारस पाठव बाबा, रविवार रिकामा आहे.”

शालिकराम काका बँकेतून निवृत्त झालेले होते आणि इंदोऱ्याला प्रशिकच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून राहत. गटावर सर्वात आधी दाद देण्याचा मान त्यांचा. कोणी शिफारस लिहून पाठवली की ती पाठवणाऱ्याने स्वतः पुन्हा वाचून पाहायच्या आत काकांचं ‘अप्रतिम!’ यायचं. मोजणीदाराच्या बहिणीबरोबर त्यांनी चहाच्या कपासोबतचा फोटो टाकला होता. फोटोत पुस्तक दिसत नव्हतं, पिशवीच दिसत होती. बारा जणांनी त्याला ‘प्रतीकात्मक’ म्हटलं होतं.

शनिवारी दुपारी प्रशिक त्यांच्या दारात उभा राहिला.

“ये गा, ये. पाणी पितं?”

“काका, त्या पुस्तकात चिठ्ठी होती...”

“होती ना!” काका इतक्या वेगाने म्हणाले की प्रशिकला बरं वाटलं. “म्या वाचली पण. तुही कविता आहे म्हटलं, जपून ठेवली.”

“कविता नव्हती, काका. कोळशातल्या राखेचं प्रमाण होतं.”

“तेच तं. राख! मोठा भारी विषय घेतला बाप्पा तुनं. माणसाची शेवटी राखच होते.”

“अडतीस पूर्णांक सहा टक्के.”

“होत असंन,” काका म्हणाले.

“कुठे ठेवली जपून?”

काकांनी कपाटाकडे पाहिलं, मग दिवाणाकडे, मग रिकाम्या कोपऱ्याकडे. आणि दोन दिशांनी अडकलेला माणूस जसा तिसरी दिशा धरतो, तसं ते म्हणाले, “पेपरात ठेवली होती. पेपर आज सकाळी रद्दीत गेले ना गा. आत्ताच. तू काहून सकाळी नाही आला?”

रद्दीवाले वामनराव चौकातच बसत. काकांचा गठ्ठा त्यांनी इतर सात गठ्ठ्यांच्या खाली टाकला होता. प्रशिकने आठही गठ्ठे उपसले. पहिल्या तासात त्याने पद्धत ठरवली: प्रत्येक पेपर तीनदा झटकायचा, तपासलेला डावीकडे ठेवायचा. दुसऱ्या तासात डावीकडचा ढीग कोसळून उजवीकडच्यात मिसळला.

“काय शोधून राहिला गा इतकं?” वामनरावांनी विचारलं.

“एक कागद.”

“कागद!” वामनरावांनी दुकानभर नजर फिरवली. “आहे न, घे.”

चिठ्ठी सापडली नाही. हात मात्र काळे झाले, आणि ते सुट्टीच्या दिवशी झाले याचं प्रशिकला फार वाईट वाटलं. घरी जाऊन त्याने तिसऱ्या वाचकाला, मौद्याच्या अंकुशला फोन लावला.

“भाऊ, पुस्तक झकास!” अंकुश मौद्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि कायम कोणाशी तरी दुसरंही बोलत असायचा. “शेवट तं एक नंबर. काच बदलाव लागंल, काकू. नाही भाऊ, तुले नाही. चिठ्ठी? माह्यापर्यंत आलीच नाही. म्या पानन् पान पाहिलं ना, चिठ्ठी असती तं दिसली असती.”

प्रशिकने वहीत तीन नोंदी केल्या. दामिनीताई: चिठ्ठी होती, आतच ठेवली. शालिकराम काका: होती, बाहेर काढली. अंकुश: नव्हती. तिन्ही एकमेकींशी जुळत होत्या, म्हणजे चिठ्ठी गेली होती. तरी त्याला चैन पडेना. पुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो ‘नाही’ असं लिहू शकत नव्हता. अकरा महिने त्याला त्याचाच पगार मिळत होता. रविवारी सकाळी, झोपून राहायच्या दिवशी, त्याने मौद्याची बस धरली.

अंकुश दुकानात होता. “घरी जा, मायजवळ आहे पुस्तक,” तो म्हणाला. मग जरा दबून, “पिशवी मागच्या आठवड्यापासून तिच्याचजवळ आहे. म्हणजे माहं झाल्यावर.”

अंकुशची आई कांताबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. शेजारी पाटावर ‘मोजणीदाराची बहीण’ पालथी पडली होती, तिला चष्म्याची दांडी टेकवलेली.

“बस बाबू. तूच का प्रशिक? ते गाठ कोणं मारली होती रे?”

“माझ्या आईनं.”

“नमस्कार सांग तिले माहा. दोन नखं गेले माहे सोडता सोडता. शेवटी विळ्यानं कापली.”

प्रशिक उभ्याचा खाली बसला. “गाठ तुम्ही कापली, मावशी? आधी सुटलेली नव्हती?”

“सुटली असती तं कापली काहून असती?”

दामिनीताईंचं रडू, काकांची राखेवरची कविता, अंकुशचं पानन् पान, सगळं एका दुहेरी गाठीच्या बाहेरच घडलं होतं. आणि प्रशिक शनिवारची दुपार आठ गठ्ठ्यांत घालवून आला होता. त्याला राग यायला हवा होता, पण रागाला लागते तेवढी ताकद उरली नव्हती.

“मग आत एक चिठ्ठी होती का?”

“होती ना.” कांताबाईंनी कनवटीला हात घातला आणि प्लॅस्टिकच्या तुकड्यात गुंडाळलेला कागद काढला. ४१७. राख ३८.६. खाली प्रशिकची सही. प्रशिकचा हात पुढे गेला, तशी त्यांनी मूठ मिटली.

“देतो. पण आधी मले सांग, त्या सुलोचनानं जमीन सोडली का नाही?”

“कोण सुलोचना?”

“मोजणीदाराची बहीण!” कांताबाईंनी पुस्तक उघडून त्याच्यासमोर धरलं. “हे पाय. तीनशे चारच्या बाद पुन्हा दोनशे एकोणनव्वद. तेच सोळा पानं दोनदा टाकले मेल्यांनी, आन् शेवटचे सोळा टाकलेच नाहीत. पाच दिवसांपासून जीव टांगला आहे माहा. अंकुशले विचारलं तं म्हणते, शेवट एक नंबर. काय झालं सांग म्हटलं तं दुकानात पळते. तुनं तं सांगितलं सगळ्याईले हे पुस्तक. तूच सांग.”

प्रशिकने मुठीकडे पाहिलं. उद्याचे अकरा वाजायला एक दिवस होता.

“सोडली,” तो म्हणाला. “भावासाठी सोडली. शेवटी दोघं बांधावर बसतात आणि...”

“भाऊ तं एकशे चाळीसव्या पानावर मेला.”

“म्हणजे... त्याची आठवण. आठवण बसते तिच्याशेजारी.”

तुरीतला एक खडा वेचून कांताबाईंनी बाजूला टाकला.

“हे चिठ्ठी बाविसाव्या पानावर होती,” त्या म्हणाल्या. “तू तिथंच थांबला होता ना, बाबू?”

प्रशिकनेही तुरीतला एक खडा वेचला. “बसमध्ये झोप लागते, मावशी. रोज त्याच वळणावर.”

“मंग शिफारस काहून केली?”

“रविवार रिकामा होता.”

कांताबाईंनी मूठ उघडली. “घे. पोटाचं काम आहे तुहं, त्याच्यासाठी नाही अडवत मी. पण पुस्तक घेऊन जा, तीनशे चारपर्यंत वाच, आन् चांगली प्रत भेटली तं शेवट मले सांग. फोनवर नाही, इथं येऊन. आन् हो, तुमच्या त्या गटावर माहं मत टाकाचं आहे. नियम आहे म्हणते अंकुश.”

परतीच्या बसमध्ये चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती आणि खिशाचं बटण लावलेलं होतं. प्रशिकने ते दोनदा तपासलं. तेवढ्यात अंकुशच्या नंबरवरून गटावर कांताबाईंचा आवाज आला. संदेश चार मिनिटं अकरा सेकंदांचा होता. त्यात त्यांनी सुलोचना किती हट्टी आहे ते सांगितलं, भावाच्या मरणाचं प्रकरण लेखकानं घाईत उरकलं म्हणून रागावल्या, आणि मग सावकाश म्हणाल्या, “या पुस्तकाले शेवटच नाही. सोळा पानं छापलेच नाहीत. ज्याईले ज्याईले शेवट आवडला, त्याईनं मौद्याले या, मले सांगा. चहा पाजतो.”

पहिली दाद एकोणीस सेकंदांत आली होती. शालिकराम काकांनी लिहिलं होतं: ‘वा ताई! शेवटाबद्दल अगदी माझ्या मनातलं बोललात.’ खाली दामिनीने फुलं ठेवली होती.

प्रशिकने मोबाइल बंद केला आणि पुस्तक उघडलं. बाविसावं पान. सुलोचना मोजणीची साखळी अंगणात पसरून कड्या मोजत होती. ते त्याला आवडलं; कड्यांची संख्या बरोबर दिली होती. तेवीस झालं, चोवीस झालं. ऊन खिडकीतून मांडीवर आलं. डोळे जड होऊ लागले तेव्हा खूण म्हणून त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला, बटणापाशी थांबला, आणि त्याने हातातलं तिकीट पानात घातलं.

“तिकीट!”

डोळे उघडले तेव्हा समोर तिकीट तपासनीस होता. प्रशिकने खिसा उघडून कागद पुढे केला. तपासनिसाने तो वाचला.

“राख अडतीस पूर्णांक सहा,” तो म्हणाला. “हे काय आहे भाऊ?”

प्रशिकने झटकन चिठ्ठी परत घेतली, पुस्तकातून तिकीट काढून दिलं. तपासनिसाने ते पाहिलं, परत केलं, आणि जाता जाता पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बोट ठेवलं.

“कसं आहे? घरी वाचते आमची. सांगतो तिले.”

प्रशिकच्या तोंडात ‘झोप उडवली’ येऊन पोचलं होतं. त्याने ते गिळलं.

“अजून वाचलं नाही,” तो म्हणाला, आणि तिकीट पंचविसाव्या पानावर ठेवलं.